कनवटीतलं रिव्हॉल्व्हर आणि माझा पट्टा

हौसाबाईंनी कमरेला हात घातला तेव्हा मला वाटलं, तंबाखूची चंची काढतायत. त्यांनी काढलं रिव्हॉल्व्हर. माझ्या टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यावर ते ठेवलं आणि नळी भिंतीकडे वळवली.

"ह्ये बगा," त्या म्हणाल्या. "ह्याच्यापायी समदं चाललंय."

माझा कारकून इराप्पा दाराशी दौत भरत होता. तो तसाच मागे सरकत ओसरीवर गेला आणि तिथून म्हणाला, "अव्वा, गोळ्या काढा की आधी त्यातल्या!"

"चार हायत. पाचवं घर रिकामं," हौसाबाई मान न वळवता म्हणाल्या. "घोड्याखाली गोळी ठेवायची न्हाय, आमचं सुभेदार सांगायचं. ये बस हितं. काय करत न्हाय ते."

घोडा म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या मागचा खटका. तो आपटला की गोळी सुटते. त्याच्यासमोरचं घर रिकामं ठेवलं, तर चुकून धक्का लागला तरी काही होत नाही. हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत माझ्या वकिलीत तीन वर्षं दिवाणी दावे, पोटगी आणि दोन चोऱ्या एवढंच आलं होतं.

तुम्ही दोघा नातवंडांनी पत्रात विचारलंत, की तुमच्या तिकडे परदेशात माणूस कमरेला पिस्तूल लावून उघड किराणा आणायला जातो तर चालतं, आणि तेच कोटाखाली घेतलं तर गुन्हा होतो. "आजी, तू वकील होतीस, तुला काय वाटतं?" असंही लिहिलंत. मला जे वाटतं ते या एका केसमुळे वाटतं. म्हणून तीच क्रमानं सांगते.

साल एकोणीसशे तीसनंतरचं. सोलापुरात त्याच्या थोडं आधी लष्करी अंमल होऊन गेला होता. हत्यार हा शब्द ऐकला की कलेक्टर कचेरीतले शिपाईसुद्धा कान टवकारत. हत्यार बाळगायला लायसन्स लागे. ते जिल्हा मॅजिस्ट्रेट देई, आणि आमचा कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट. लायसन्स दर वर्षी नवं करून घ्यावं लागे. त्याच्या मागच्या बाजूला कंडिशन्स छापलेल्या असत. त्यातली एक अशी, की खास परवानगी नसेल तर हे हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा लोकांच्या इतर जमावात न्यायचं नाही. ही कंडिशन लक्षात ठेवा.

हौसाबाई नातेपुत्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरच्या. धनगराच्या घरच्या. वय पन्नासच्या आसपास, हाडं मोठी, आवाज त्याहून मोठा. नवरा पलटणीत सुभेदार होता. पेन्शन घेऊन आल्यावर त्यानं विहीर खणली, दोनशे मेंढरं केली आणि हे छोटं रिव्हॉल्व्हर रीतसर लायसन्स काढून घेतलं. तो वारला. आधीच्या कलेक्टरनं ते लायसन्स विधवेच्या नावावर करून दिलं, कारण वस्ती गावापासून दोन मैल आणि मुलगी सासरी. पुढच्याच वर्षी भर दुपारी तीन माणसं मेंढरं हाकलून न्यायला आली. हौसाबाईंनी एक गोळी आभाळात सोडली. माणसं पळाली ती परत आली नाहीत. त्यानंतर त्यांनी एकही गोळी उडवली नव्हती.

आता नवा कलेक्टर आला होता, आणि त्याच्याकडे अर्ज गेला होता. अर्ज त्यांच्या सख्ख्या दिराचा. त्याचं नाव म्हाकू.

हौसाबाईंनी नोटीस पुढे केली. मी वाचली. सदर बाई लुगड्यात पिस्तूल लपवून बाजारात फिरते, अर्जदाराच्या जिवाला धोका आहे, तरी लायसन्स रद्द का करू नये याचं कारण द्या. सुनावणीला महिनाभर अवकाश होता.

"हे खरं आहे का?" मी विचारलं.

"काय?"

"लपवून बाजारात नेता?"

"नेते की. वस्तीवर कुनापाशी ठेवू? मेंढ्यापाशी?"

"लपवून?"

"कनवटीला असतं," त्या म्हणाल्या आणि मला दाखवलं. लुगड्याचा कमरेशी जो खोचा येतो, ती कनवट. तिथे जाड कापडाचा बटवा, त्याची नाडी कमरेला दोनदा गुंडाळलेली. "समद्या बायांचं समदं हितंच असतं. किल्ल्या हितं. तंबाकू हितं. ह्येबी हितं."

"आणि लायसन्स गेलं तर?"

त्यांनी बटव्याचं तोंड उघडं केलं.

"मग भावजी म्हनतील, वयनी, एकटी बाईमानूस वस्तीवर कशी ऱ्हाशील, चल आमच्या घरात. मी त्येंच्या घरात गेले की ते माज्या वस्तीवर. हीर गेली, मेंढरं गेली. मग मी त्येंच्या चुलीफुडं बसून पोळपाट घासायचा." त्यांनी रिव्हॉल्व्हर उचलून बटव्यात घातलं. "ह्ये गेलं की समदं गेलं. लई सरळ हाय, बाई."

खरंच सरळ होतं. मला उत्तरही तितकंच सरळ वाटलं. मी अठ्ठावीस वर्षांची होते, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि प्रत्येक प्रश्नाला एक स्वच्छ उत्तर असतं असा माझा समज होता. आक्षेप काय, तर लपवल्याचा. कायद्यातही सरकारी माणसाला कळू नये अशा रीतीनं हत्यार बाळगण्याबद्दल जास्त कडक भाषा आहे. मग लपवू नये. प्रामाणिक माणसाला लपवायचं कारण काय?

"सुभेदारांचा पट्टा आहे का घरी?" मी विचारलं. "पिस्तुलाचं चामडी घर असलेला?"

"हाय. खुंटीला."

"उद्यापासून तो बांधा. लुगड्यावरून. सगळ्यांना दिसेल असा. सुनावणीला आपण सांगू, की लपवण्याचा प्रश्नच येत नाही."

हौसाबाईंनी आपल्या लुगड्याकडे पाहिलं. मग हसल्या.

"बाई, लुगड्यावर पट्टा? गावात म्हनतील हौसा फौजदार झाली."

"म्हणू द्या."

"बरं दिसत न्हाय वो."

"बरं दिसण्यासाठी नाही. कायद्यासाठी."

"तुमी शिकलेल्या," त्या म्हणाल्या. या वाक्यात कौतुक किती आणि आणखी काय, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही. "तुमी म्हनता तर बांदते."

जाताना मी त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली. लायसन्स तुमच्या नावाचं आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात हे हत्यार दिसलं, तर तो माणूस गुन्हेगार. भाऊ असो, दीर असो. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि पाठ केलं.

तीन आठवड्यांनी इराप्पा कलेक्टर कचेरीतून धापा टाकत आला. आमच्या केसमध्ये दुसरा अर्ज दाखल झाला होता. त्यानं नक्कल आणली होती. पुन्हा म्हाकूचाच अर्ज. सदर बाई आता पट्टा बांधून पिस्तूल भर बाजारात मिरवते, गोरगरिबांना दहशत घालते, शिवाय ते वस्तीवर झाडाला टांगून ठेवते, कुणीही उचलावं असं.

"झाडाला?" मी म्हटलं.

"झाडाला असंच लिवलंय, बाई," इराप्पा म्हणाला. "बाभळीला."

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी हौसाबाई आल्या. पट्टा कमरेला नव्हता. काखोटीला, फडक्यात गुंडाळलेला. त्या खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसल्या, एक पाय दुमडून, जशा नेहमी बसत असतील तशा.

"सांगा," मी म्हटलं.

"पयल्या बाजारी बाया माज्यापाशी बसंनात. घोंगड्या घिऊन मी बसते त्या जाग्यावर दोनी बाजूला हातहात मोकळं. आदी गिऱ्हाइकाची रांग, आता मी आन माजी घोंगडी. एक म्हातारी आली, भाव इचारला, पट्टा बगितला, न्हाय नगं म्हनून गेली. मेंढरं बुजली न्हाईत बाई, मानसं बुजली. आदी समद्यांना ठावं व्हतं माज्यापाशी हाय म्हनून. पर दिसत नव्हतं, तर इसरून जायची."

"आणि झाडाचं?"

"त्येच सांगते की." त्यांनी फडकं सोडलं आणि पट्टा माझ्यापुढे ठेवला. चामडं जाड, दोन बोटं रुंद, पितळी बक्कल. "ह्यो बांदून खाली बसून दावा मला."

"म्हणजे?"

"शेळीचं दूद काडायला बसतो तशा बसा. बांदा आन बसा."

मी नाही बसले. मी टेबलखुर्चीवर काम करणारी. स्वयंपाकघरात फारशी न जाणारी. पण पट्टा मांडीवर धरून पाहिला आणि लगेच समजलं. पुरुषानं उभं राहण्यासाठी, चालण्यासाठी, घोड्यावर बसण्यासाठी केलेली ती वस्तू. उकिडवं बसलं की चामडी घर पोटात रुततं आणि मूठ बरगडीला लागते. दूध काढायला, जात्यावर, चुलीपुढे, लोकर कातरताना, हौसाबाईंचा अर्धा दिवस उकिडवं बसण्यात जात होता. प्रत्येक वेळी पट्टा सोडायचा. सोडला की कुठे तरी टांगायचा.

"चवथ्या दिशी दूद काडत व्हते. पट्टा बाभळीला. मान वर केली तर भावजी हुबं, पट्टा हातात. म्हनतात कसं, वयनी, ह्ये असं टाकून ठेवत्यात व्हय?"

"मग?"

"मग तुमी शिकवलं तेच. म्हनलं, भावजी, लायसन कुनाच्या नावाचं? माज्या. मंग तुमच्या हातात दिसलं तर जेल कुनाला? वकीलबाईनी बजावून सांगितलंय. तसं त्येंनी पट्टा असा टाकला," त्यांनी हात झटकला, "इंगळी चावल्यागत. माजी मेंढरं राखनारा मेंढका हसायला लागला, त्येच्यावरच वराडले. आन दुसऱ्या दिशी अर्ज." त्यांनी पट्ट्याकडे बोट केलं. "कनवटीला असताना साडेतीन वर्सात कदी कुनाच्या हातात गेलं न्हाय. निजायच्या टायमाला सुदीक न्हाय. तुमच्या पट्ट्यात चवथ्या दिशी गेलं."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मेंढी लंगडते कशानं हे सांगावं तसं सांगितलं. त्यामुळे मला जास्त लागलं.

संध्याकाळी मी माझ्या सीनियरकडे गेले. बापूसाहेब जिल्ह्यातले जुने वकील. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काम केलं होतं. ते दोन्ही अर्ज वाचून खूश झाले.

"अहो सुमतीबाई, हा दीर तुम्ही फी देऊन ठेवलाय का? झाकलं तर तक्रार, उघडं ठेवलं तर तक्रार. उद्या दोन्ही अर्ज साहेबापुढे शेजारी शेजारी मांडा. दुसरं काही बोलू नका."

"मी आणखी एक मुद्दा काढलाय. कंडिशनमध्ये जत्रा, मिरवणूक, जमाव आहे. आठवडी बाजार हा त्या अर्थानं जमाव नव्हे, असं मी..."

"टाका तो."

"का? मुद्दा चांगला आहे."

"फार चांगला आहे. तुम्ही मुद्दा जिंकाल आणि लायसन्स घालवाल. साहेब नवीन आहे. बाजारात गोळी सुटली तर उत्तर त्याला द्यायचंय. त्याला काही तरी द्या, म्हणजे तो तुम्हाला काही तरी देईल. तुमच्या बाईला काय हवंय, बाजार की वस्ती?"

"वस्ती."

"मग बाजार सोडा." त्यांनी चष्मा काढला. "आणि पट्ट्याची अक्कल कुणाची?"

"माझी."

"हं," एवढंच म्हणाले. "विचारलं तर काय सांगणार?"

मी दोन्ही अर्ज गोळा करून पिशवीत घातले. सोलापुरात तेव्हा कोर्टात उभी राहणारी बाई म्हणून लोक मला बघायला येत. माझं चुकलं असं जाहीर झालं तर ते एकट्या सुमतीचं चुकलेलं ठरणार नव्हतं. पुढची दहा वर्षं प्रत्येक जण म्हणाला असता, बाईचा सल्ला, दुसरं काय होणार.

सुनावणी सकाळी अकराला होती. हौसाबाई आणि म्हाकू आदल्या दिवशी एकाच मोटारीनं नातेपुत्याहून आले होते, कारण मोटार एकच होती. म्हाकू उंच, दणकट माणूस. लाल पागोटं, नवं घोंगडं, आणि चेहऱ्यावर बेतून आणलेली भीती. रिव्हॉल्व्हर गोळ्या काढून आधीच चिटणिसाच्या टेबलावर जमा केलं होतं. चिटणीस म्हणजे कलेक्टर कचेरीतला मुख्य कारकून. साहेबाचे कान, तोंड आणि स्मरणशक्ती सगळं तोच.

साहेब, म्हणजे नवा कलेक्टर, तरुण इंग्रज होता. त्यानं मुन्शीकडून मराठी शिकून परीक्षा दिली होती. त्यामुळे तो आमच्यापेक्षा शुद्ध बोलत असे. खिशातलं घड्याळ काढून त्यानं वेळ पाहिली, परत खिशात ठेवलं, आणि सुरुवात केली.

मी दोन्ही अर्ज त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. त्यानं वाचले. ओठाचा एक कोपरा किंचित हलला. मग त्यानं म्हाकूला विचारलं, "शस्त्र झाकलेले असते तेव्हा आपणास भय वाटते?"

म्हाकूनं चिटणिसाकडे पाहिलं. चिटणीस म्हणाला, "पिस्तूल झाकलेलं असलं तर भ्या वाटतं का, विचारतायत."

"लई वाटतं, सायब. कवा काडंल नेम न्हाय."

"आणि दिसत असते तेव्हा?"

"तवा तर जास्तीच. डोळ्याफुडंच की."

"मग शस्त्र कसे असावे, असे आपले म्हणणे?"

हे भाषांतराशिवाय म्हाकूला समजलं. "नसावंच, सायब," तो मनापासून म्हणाला. "बाईमानसाला कशापायी पायजे?"

"आणि वस्तीवर कोण राहील?"

"मी हाय की."

चिटणिसानं मान खाली घालून कागद नीट केले. मला वाटलं, संपली केस. पण साहेब माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत बोलू लागला. अर्जदाराचा हेतू मला दिसतो, तो म्हणाला, पण हेतू वाईट असला तरी बातमी खरी असू शकते. हत्यार झाडाला टांगलेलं होतं, हे खरं की खोटं? आणि ही बाई साडेतीन वर्षं झाकून नेत होती, ती एकाएकी पट्टा बांधून का फिरू लागली? कुणाला दाखवायचं होतं?

शेवटचा प्रश्न त्यानं हौसाबाईंना मराठीत विचारला. "पट्टा बांधण्यास कोणी सांगितले?"

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुनी न्हाय. माज्या मनानं बांदला."

चिटणीस उत्तर लिहून घेत होता. मी बसून राहिले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं. म्हणजे माझ्यापुरतं. त्यांच्या नावावर मात्र कायमचं लागलं असतं, की ही बाई आपल्या मनानं पट्टा बांधून बाजारात मिरवते. नेमकं म्हाकूला हवं तेच.

मी उठले. "साहेब, माझ्या क्लायंटनं आत्ता सांगितलं ते बरोबर नाही. पट्टा बांधायचा सल्ला माझा होता. त्यांनी हरकत घेतली होती. मी ती ऐकली नाही."

"वो बाई!" हौसाबाई हळूच म्हणाल्या, म्हणजे सगळ्या कचेरीला ऐकू जाईल इतक्या हळू. "गप बसा की."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "कारण?"

"मला वाटलं, उघड असलेलं तेवढं प्रामाणिक असतं. पट्टा बांधून खाली बसता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. त्या तो सोडून ठेवत, म्हणून तो झाडाला गेला. त्याआधी हे हत्यार त्यांच्या अंगावरून कधी उतरलं नव्हतं."

"खाली बसता येत नाही?" त्यानं मराठीत विचारलं. त्याला ते शब्दशः कळलं होतं, पण चित्र दिसत नव्हतं.

हौसाबाईंनी माझ्या हातातून पट्टा ओढून घेतला, लुगड्यावर बांधला आणि कलेक्टरच्या टेबलासमोर, सरकारी गालिच्यावर, उकिडव्या बसल्या. दोन्ही हात पुढे, शेळी समोर असावी तसे. चामडी घर वर आलं आणि छातीत खुपलं. चिटणीस खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला.

"असं," त्या खालून म्हणाल्या. "आता काडा दूद."

साहेब पुढे झुकून बघत होता. हसला नाही, हे त्याचं मला आवडलं. त्या उठून उभ्या राहिल्यावर तो म्हणाला, "तरीही प्रश्न उरतो. आपण ते शस्त्र लपविता का?"

"लपीवत न्हाय, ठेवते," हौसाबाई म्हणाल्या. "सायबांनी मगाशी खिशातनं घड्याळ काडलं. ते काय लपीवलं व्हतं व्हय?"

चिटणिसानं हे सांगावं की नाही असा विचार केला, आणि सांगितलं.

"घड्याळाने मनुष्य मरत नाही," साहेब म्हणाला.

"म्हनून तर, सायब. घड्याळ गेलं तर येळ कळायची न्हाय, एवडंच. ह्ये गेलं तर मानूस जाईल. म्हनून अंगाला लावून ठेवते. गावात कुनालाबी इचारा, हौसाकडं काय हाय. समदी सांगत्याल. पाटील येऊ दे, फौजदार येऊ दे, म्हनलं दाव, की दावते. दावायचं नसतं त्याला लपीवनं म्हनत्यात."

मी मग बापूसाहेबांनी सुचवलेली सवलत पुढे केली. माझी क्लायंट यापुढे हत्यार बाजारात नेणार नाही. बाजारच्या दिवशी ते गावच्या पोलीस पाटलाकडे जमा करील. हौसाबाईंनी मान हलवली. हे आदल्या रात्रीच ठरलं होतं. त्यांनी फक्त एक अट घातली होती, की पाटलानं पेटीला कुलूप लावल्याचं त्या स्वतः बघतील.

साहेबानं निकाल राखून ठेवला. बाहेर आलो तर म्हाकू व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता, पागोटं मांडीवर काढून. हौसाबाई त्याच्याजवळून पुढे गेल्या, थांबल्या, मागे आल्या.

"भाकरी आनलीया का भावजी?"

"न्हाय."

"व्हय, मला जेलात घालायच्या घाईत भाकरी कशी याद येनार." त्यांनी गाठोडं सोडलं. दोघांनी तिथेच बसून खाल्लं. चटणी म्हाकूला जास्त दिली. मी आणि इराप्पा लांबून बघत राहिलो.

"हे नातं कुठल्या कलमात बसतं, बाई?" इराप्पानं विचारलं. मी म्हटलं, अजून छापायचंय.

ऑर्डर पंधरवड्यानं आली. लायसन्स नवं करून मिळालं. कंडिशन टाइप केलेली होती: लायसन्सदार स्त्रीनं हत्यार आपल्या वस्तीच्या हद्दीत सदैव अंगावर बाळगावं, झाकून अथवा उघडं, तिला सोयीचं असेल तसं, अंगावरून उतरवू नये, मागताक्षणी पोलीस पाटलास दाखवावं, बाजारच्या दिवशी त्याच्याकडे जमा करावं. 'तिला सोयीचं असेल तसं' हे शब्द साहेबानं टाइप झाल्यावर शाईनं मध्ये घातले होते. सरकारी कागदावर एवढा विचार केलेले शब्द मी पुढच्या तीस वर्षांत फार थोडे पाहिले.

माझ्याबद्दल गावात व्हायची ती चर्चा झाली. बार रूममध्ये चार-सहा महिने कुणी ना कुणी मला विचारी, आज पट्टा नाही बांधला? मी म्हणे, बसायचंय ना. त्या सहा महिन्यांत नातेपुते, वेळापूर, त्या बाजूच्या सात बायका माझ्याकडे केस घेऊन आल्या. मी पहिलीला विचारलं, नाव कुणी सांगितलं? ती म्हणाली, "हौसामावशीनी. म्हनली, ती वकीलबाई चुकती कवाकवा, पर सांगती."

हौसाबाई पुढे बारा वर्षं त्याच वस्तीवर राहिल्या. एकही गोळी उडवली नाही. त्या गेल्यावर मुलीनं रिव्हॉल्व्हर रीतसर तालुक्याला जमा केलं, आणि पावती मला पाठवून विचारलं, बरोबर आहे ना? बरोबर होती.

पट्टा मात्र त्यांनी ऑर्डर घ्यायला आल्या त्याच दिवशी माझ्या टेबलावर ठेवला होता. "ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "सल्ला तुमचा." तुम्ही लहान असताना सुट्टीत यायचात, तेव्हा माझ्या वळकटीला जो जाड, पितळी बक्कलाचा पट्टा असायचा आणि तुम्ही दोघं घोडा घोडा खेळायला मागायचात, तोच हा. वळकटी बांधायला उत्तम आहे. वळकटीला खाली बसावं लागत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. उघडं की झाकलेलं, हे तिथल्या कायद्याप्रमाणे करावं, आणि तुम्ही दोघांनी कुठलंच करू नये. तुम्हाला ना वस्ती आहे ना मेंढरं. पण पुढेमागे कुणी कसली वस्तू कशी बाळगावी याचा सल्ला द्यायची वेळ आली, तर आधी त्या माणसाला विचारा, की दिवसभर तू बसतोस कसा. मी हे विचारलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक क्लायंटला विचारलं. बहुतेकांना प्रश्न विचित्र वाटला. उत्तर मात्र दर वेळी उपयोगी पडलं.